उंबऱ्यावर अडलेला निरोप

मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याच्या पलीकडे नवलाख उंबरे नावाचे गाव आहे. या नावाची उकल करणे हा आजचा विषय नव्हे. पण त्यातला उंबरा हा शब्द मात्र आपल्याला फार उपयोगी पडणार आहे. निरोप घेऊन आलेला माणूस घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो आणि हाक देतो. आतून कोणी ओ दिली, तरच तो निरोप घरात पोचतो. माणूस आला, हाकही दिली, पण आत कोणाला ती ऐकूच गेली नाही, तर निरोप उंबऱ्यावरच अडतो. उतारवयात आपल्या शरीरात नेमके हेच घडू लागते, आणि त्याची पहिली खूण बहुधा पोटावर दिसते.

समजा, याच गावात बावन्न वर्षांच्या एक काकू राहतात. दहा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचे सारे वर्ष भातखाचरांभोवती फिरत असे. राब भाजणे, चिखलणी, भरपावसात वाकून लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, डोक्यावरून भारे वाहणे, झोडणी. पुढे शिवारात औद्योगिक वसाहत आली, जमीन गेली, मुलगा कारखान्यात लागला, घरात नळ आणि गॅस आला. काकूंच्या पाठीला आराम मिळाला, याचा आनंद सर्वांनाच झाला. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचे वजन आजही चोपन्न किलोच भरते. दहा वर्षांपूर्वीही तितकेच होते. पण परकराची नाडी आता पुरत नाही, पोलके पोटाशी दाटते. त्यांच्या यजमानांचीही तीच गत. हातपाय काटकुळे, पण कमरेचा करदोटा कातडीत रुतू लागला आहे. मुलगा हसत म्हणतो, "आई, बसून खातेस ना, म्हणून." काकू काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भाकरी बंद करतात. सहा महिन्यांनी पोट तेवढेच असते. अंगातली ताकद तेवढी कमी झालेली असते.

वाचकहो, हे चित्र आपल्या घरातले वाटले, तर पुढचे चार शब्द सावकाशीने वाचावेत. काकूंचे पोट आळसाचे नाही आणि जिभेच्या चोचल्यांचेही नाही. तसेच ते "वय झाले, आता चालायचेच" म्हणून सोडून देण्याजोगेही नाही.

हाक आणि ओ

आपल्या देहात तीस लाख कोटींहून अधिक पेशी आहेत. त्यांनी एकमेकींच्या तालात काम करावे म्हणून शरीराने निरोप धाडण्याची एक पद्धत बसविली आहे. ग्रंथींतून रक्तात सोडले जाणारे रासायनिक निरोप म्हणजे संप्रेरके, अर्थात हार्मोन. ज्या पेशीसाठी निरोप असेल, तिच्या उंबऱ्यावर त्या संप्रेरकाला ओळखणारा एक प्रथिनरेणू असतो. त्याला ग्राही म्हणतात. काही संप्रेरकांचे ग्राही पेशीच्या आवरणावर असतात, तर काहींचे पेशीच्या आत. संप्रेरक ग्राहीला चिकटले, की पेशीच्या आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे खूण पोचत जाते आणि शेवटी प्रत्यक्ष काम होते.

इन्शुलिनचे उदाहरण घेऊ. जेवणानंतर रक्तातील साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. ते स्नायूच्या पेशीच्या ग्राहीला चिकटते. आत खूण पोचताच साखर वाहून नेणारी प्रथिने पेशीच्या आतल्या भागातून आवरणापाशी येतात आणि रक्तातली साखर आत घेतली जाते. हेच इन्शुलिन मेदपेशीला मात्र वेगळा निरोप देते: "साठव, आणि साठवलेले सध्या सोडू नकोस." एकच संप्रेरक, पण प्रत्येक उंबऱ्यावर त्याच्या हाकेचा अर्थ निराळा.

वय वाढते तसे यात दोन बदल होतात. काही संप्रेरकांचे प्रमाणच घटते, म्हणजे हाक क्षीण होते. आणि काही संप्रेरके रक्तात भरपूर असूनही पेशी त्यांना पूर्वीसारखी ओ देत नाहीत. या दुसऱ्या प्रकाराला रोध म्हणतात. उतारवयातील पोट समजून घ्यायचे, तर दोन्ही बदल एकत्र पाहावे लागतात.

चाळिशीत चयापचय खरोखर मंदावतो का?

"चाळिशीनंतर चयापचय मंदावतो" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याविषयी शंका घेणेही सुचत नाही. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसांच्या, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत, दैनंदिन ऊर्जाखर्चाच्या मोजमापांचा तो अभ्यास होता. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात घेतल्यावर असे दिसले, की विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. तो साठीनंतर हळूहळू, वर्षाला सुमारे ०.७ टक्के, घटतो.

मग चाळिशी-पन्नाशीत पोट का सुटते? याचे उत्तर त्या "शरीराची घडण" या शब्दांत आहे. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात आणि साठीनंतर ही झीज वेग घेते. अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. जितका स्नायू गेला, जवळपास तितकाच मेद त्याच्या जागी आला, तर वजनाचा काटा तसूभरही हलत नाही. काकूंचे चोपन्न किलो हे असे आहे. आकडा जुनाच, पण त्यातला माल बदललेला.

स्नायूंच्या झिजेमागे संप्रेरकांचाही हात असतो. मुख्यत्वे गाढ झोपेत स्रवणारे वाढीचे संप्रेरक वयाबरोबर कमी होत जाते. स्नायू बांधण्यासाठी पेशीला जी खूण लागते, ती प्रथिनयुक्त जेवणातून आणि व्यायामातून मिळते. पण म्हाताऱ्या स्नायूला हीच खूण तरुणपणापेक्षा मोठ्याने द्यावी लागते. म्हणजे ज्या वयात प्रथिने आणि कष्ट थोडे अधिक हवेत, नेमक्या त्याच वयात आपल्या घरांतून दोन्ही कमी केले जातात.

पाळी थांबल्यावर, आणि पुरुषांतही

भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. तोवर अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन मेद कोठे साठवायचा हेही ठरवीत असते. तरुण स्त्रीचा मेद मुख्यतः नितंब आणि मांड्यांवर, त्वचेखाली साठतो. हा मेद फारसा उपद्रव देत नाही. पाळी थांबली, इस्ट्रोजेन घटले, की साठवणुकीची जागा बदलते. मेद पोटाकडे वळतो आणि त्यातही पोटाच्या आत, आतडी आणि यकृत यांच्याभोवती साठू लागतो. म्हणूनच "खाणे तेच, मग पोट कसे?" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ताटात सापडत नाही.

पुरुषांत असा एखादा वळणाचा टप्पा नसतो. तेथे टेस्टोस्टेरॉन चाळिशीच्या आसपासपासून वर्षाला साधारण एक टक्का या संथ गतीने उतरत जाते. शिवाय पोटाच्या मेदात टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे विकर असते. पोट वाढले, की हे रूपांतर वाढते. मेंदूला वाटते पुरेसे संप्रेरक आहे, आणि तो नवीन तयार करण्याची सूचना कमी करतो. टेस्टोस्टेरॉन घटले, की स्नायू घटतात आणि पोट आणखी वाढते.

ताण आणि अपुरी झोप या दोन्हींचा संबंध कॉर्टिसोल या संप्रेरकाशी आहे. पोटाच्या आतल्या मेदपेशींवर कॉर्टिसोलचे ग्राही अधिक असतात. त्यामुळे या संप्रेरकाचा "साठव" हा निरोप सर्वांत आधी तेथेच ऐकला जातो. घरात एकजण रात्रपाळीला जात असेल, तर त्याच्याबरोबर साऱ्या घराची झोप मोडते. त्याचा डबा, त्याची परतण्याची वेळ, मधल्या रात्रीचा दरवाजा. झोप कमी झाली, की भूक वाढविणारे ग्रेलिन वाढते आणि तृप्तीचा निरोप देणारे लेप्टिन घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. उतारवयातील आईच्या पोटाचा विचार करताना तिच्या झोपेचाही हिशेब ठेवावा लागतो.

चरबी म्हणजे नुसते गोदाम नव्हे

मेद म्हणजे शरीराचे मुके कोठार, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिनचा शोध लावला आणि ही समजूत मोडली. लेप्टिन मेदपेशीच तयार करतात. मेद जितका अधिक, तितके लेप्टिन अधिक, ते मेंदूला सांगते, "कोठार भरले आहे, आता पुरे." मग ज्यांच्या अंगावर मेद अधिक, त्यांची भूक कमी व्हायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही. रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला दाद देत नाही. हाक मोठी, पण घर बहिरे झालेले. लेप्टिनचे इंजेक्शन देऊन सर्वसाधारण स्थूलता गेली नाही, याचे कारण हेच.

पोटातला मेद वाढला, की त्यात रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि सतत धुमसणारा सौम्य दाह सुरू होतो. या दाहातून सुटणारे रेणू इन्शुलिनच्या ग्राहीमागच्या खुणांच्या साखळीत अडथळा आणतात. हाच तो इन्शुलिन-रोध. स्वादुपिंड मग अधिक इन्शुलिन ओतते. स्नायू ते नीट ऐकत नाहीत, पण मेदपेशीला "साठव" हा निरोप बऱ्याच अंशी पोचतच राहतो. साखर रक्तात अडते आणि मेद कोठारात. वर्षानुवर्षे जादा काम करून स्वादुपिंड थकले, की मधुमेह उघड होतो.

वयाचा स्वतःचाही येथे वाटा आहे. माणसांच्या मेदपेशींचा सरासरी तेरा वर्षे पाठपुरावा केलेला एक स्वीडिश अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. वय वाढते तसा मेदपेशीतून मेद बाहेर पडण्याचा वेग मंदावतो, असे त्यात आढळले. ज्यांनी त्या मानाने खाणे कमी केले नाही, त्यांचे वजन सरासरी वीस टक्क्यांनी वाढले. शिवाय म्हाताऱ्या शरीरात विभाजन थांबलेल्या, जीर्ण पण न मरणाऱ्या पेशी साचतात आणि त्याही दाह वाढविणारे रेणू सोडीत राहतात. २०२५ साली अमेरिकी संशोधकांनी उंदरांत आणखी एक गोष्ट दाखविली. मध्यम वयात मेदपेशी घडविणाऱ्या एका नव्या प्रकारच्या पूर्वपेशी निर्माण होतात आणि 'एलआयएफआर' नावाच्या संकेतमार्गाच्या जोरावर पोटात भराभर नवा मेद तयार करतात. मध्यमवयीन माणसांच्या ऊतींतही तशाच पेशी सापडल्या. यावर औषध अजून आलेले नाही. पण पन्नाशीत पोट वाढणे ही केवळ हावरेपणाची गोष्ट नाही, एवढे यावरून निश्चित कळते.

पुण्याने जगाला दाखविलेली गोष्ट

आता प्रश्न असा, की हे सर्व जगभर घडत असताना आपल्याकडे मधुमेह इतक्या लवकर आणि इतक्या सडपातळ माणसांना का गाठतो? याचे एक महत्त्वाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातून मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. त्या मातांची बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. पुण्याकडची बाळे सर्वच बाबतींत लहान होती. पोटाचे अवयव आणि स्नायू यांत ती फार मागे होती, पण पाठीवरच्या त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. किडकिडीत दिसणारे, पण आतून मेद राखून असलेले असे हे बाळ.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले गेले. दोघांचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, अगदी सारखा होता: २२.३. पण शरीरातील मेदाचे प्रमाण डॉ. युडकिन यांचे ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांचे २१.२ टक्के. जीवनपद्धतीचाही यात वाटा असेल, हे लेखकांनी तेथेच विनोदाने कबूल केले होते: एक मॅरेथॉन धावणारे, आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे. मात्र काटा आणि निर्देशांक भारतीय शरीराबद्दल अर्धेच सत्य सांगतात, हे त्या एका छायाचित्राने जगभरच्या डॉक्टरांना पटविले.

मावळातल्या काकूंना हे सर्व लागू पडते. स्नायूची पुंजी जन्मतःच कमी आणि मेदाची सवय जन्मतःच अधिक. शेतातल्या कष्टांनी तो तोल चाळीस वर्षे सावरून धरला होता. कष्ट थांबले आणि त्याच सुमारास पाळीही थांबली. दोन आधार एकदम सुटले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी २८.६ टक्के सर्वसाधारणपणे स्थूल आढळले, तर पोटाची स्थूलता ३९.५ टक्क्यांत आढळली. या दोन आकड्यांच्या फरकातच काकूंसारखी अनेक माणसे आहेत. वजनावरून ती स्थूल ठरत नाहीत, म्हणून त्यांची तपासणी होत नाही. आणि तपासणी होत नाही, म्हणून मधुमेह कळतो तेव्हा पायाला मुंग्या येऊ लागलेल्या असतात किंवा नजर अधू झालेली असते.

परसदार उघडे आहे

येथवर वाचून मन खट्टू झाले असेल, तर आता आशेची गोष्ट सांगतो. स्नायूच्या पेशीला साखर आत घेण्यासाठी एक परसदार आहे. स्नायू आकुंचन पावतो, म्हणजे आपण चालतो, उठतो, ओझे उचलतो, तेव्हा साखर वाहून नेणारी तीच प्रथिने इन्शुलिनच्या निरोपाची वाट न पाहता आवरणापाशी येतात. पुढच्या उंबऱ्यावर निरोप अडला असला, तरी हा मार्ग चालू राहतो. इन्शुलिन-रोध असलेल्या माणसांतही तो शाबूत असतो. शिवाय नियमित व्यायामाने पुढच्या दाराचेही कान हळूहळू उघडतात. स्नायू इन्शुलिनला पुन्हा चांगली ओ देऊ लागतो.

जेवणानंतर शतपावली घालण्याची आपल्याकडची जुनी रीत या दृष्टीने फार मोलाची आहे. साखर वाढण्याचा धोका असलेल्या ज्येष्ठांनी प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्यास रक्तातील साखरेचा चढ आवरतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. फक्त शंभर पावलांवर थांबू नये, इतकेच.

चालण्याने परसदार उघडते; पण मुळात स्नायूच झिजला असेल, तर दारे किती उरणार? म्हणून आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून ढकलण्याचे व्यायाम, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वरखाली करणे, जिना चढणे. जमेल तेव्हा इंदुरीजवळच्या भंडारा डोंगराची चढण पायी चढावी. दर्शनही होते आणि मांड्यांनाही काम मिळते. आपल्या तालुक्यातच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. आसने आणि प्राणायाम यांचा लवचीकपणा, तोल आणि मनःशांती यांसाठी उपयोग होतो. त्यांच्या जोडीला थोडे वजन उचलणे असावे.

घरात काय करावे

पहिली गोष्ट, फीत आणावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट न ओढता घेर मोजावा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. घेर आपल्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हाही एक सोपा आडाखा आहे.

दुसरी गोष्ट, स्नायूंची परीक्षा. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठावे आणि बसावे. यास बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर स्नायूंची ताकद घटल्याची शंका घ्यावी. ज्यांचा तोल जातो त्यांनी शेजारी कोणी उभे असतानाच हे करावे.

तिसरी गोष्ट, ताट. काकूंनी रात्रीची भाकरी सोडली, पण भाकरीबरोबर आमटीही गेली, आणि चूक तेथेच झाली. उतारवयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. चोपन्न किलोंच्या व्यक्तीला सुमारे चोपन्न ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सुमारे सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम असतात. मावळात भातानंतरच्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल पिकतात. त्यांची उसळ ताटात रोज असावी. इंद्रायणीचा सुवासिक भात सोडण्याची गरज नाही. १९८७ साली वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेला हा वाण आपल्या तालुक्याचा अभिमान आहे. फक्त भाताचा डोंगर आणि आमटीचे आळे, हे प्रमाण उलटवून पाहावे. आधी उसळ-भाजी, मग भात. दूध, दही, अंडी, मासे यांतून ब-१२ जीवनसत्त्वही मिळते. पुण्याच्या त्याच अभ्यासातील बहुसंख्य मातांमध्ये ते कमी आढळले होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

उपवासांबद्दलही एक शब्द. आठवड्यातून दोन-तीन दिवस साबुदाणा, बटाटा आणि चहा यांवर काढले, तर पोट कमी होत नाही आणि स्नायू मात्र झिजतात. श्रद्धा राखूनही फराळात दूध, दही, ताक आणि शेंगदाणे यांना स्थान देता येते.

चौथी गोष्ट, सावधगिरी. गुडघेदुखीवर "हमखास गुण" देणाऱ्या, नाव-घटक न छापलेल्या पुड्या आणि गोळ्या घेऊ नयेत. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने पोट आणि चेहरा फुगतो, हातपाय बारीक होतात, साखर वाढते. त्या आधीपासून चालू असतील, तर एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवाव्यात. वजन कमी करणारी नवी इंजेक्शने, जसे सेमाग्लुटाइड आणि तिरझेपाटाइड, आतड्यातील संप्रेरकांची नक्कल करतात. ती प्रभावी आहेत, पण मेदाबरोबर स्नायूही घटवू शकतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, प्रथिने आणि व्यायाम सांभाळून घ्यावीत.

आणि तपासणी. घेर मर्यादेपलीकडे असेल, तर वजन काहीही असो, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, रक्तदाब आणि रक्तातील चरबी तपासून घ्यावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर तो मधुमेहापूर्वीचा टप्पा होय. मागे फिरण्याची सर्वांत चांगली संधी याच टप्प्यावर असते. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ अशी लक्षणे असतील, तर थायरॉइडचीही तपासणी करावी. मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी व्यायाम वाढविण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, कारण साखर एकाएकी उतरू शकते.

शेवटी, मुलाने काय म्हणावे

काकूंच्या मुलाने म्हटलेले ते वाक्य वाईट हेतूचे नव्हते. पण त्या एका वाक्याने काकूंनी लाजेपोटी जेवण सोडले, दवाखान्यात जाणे टाळले आणि स्वतःलाच दोष दिला. रक्तात काय चालले आहे हे कोणी पाहिलेच नाही. स्थूलतेबद्दलची चेष्टा घरात नेहमी हेच करते. ती माणसाला तपासणीपासून दूर नेते.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर आपल्या आईला, सासूबाईंना, वडिलांना वजन विचारू नका. फीत हातात घ्या आणि आधी स्वतःचा घेर मोजा, मग त्यांचा. आकडा वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. जेवण झाल्यावर भांडी थोडी बाजूला ठेवून "आई, चल, जरा फिरून येऊ" म्हणा आणि खरोखर त्यांच्याबरोबर उंबऱ्याबाहेर पडा. पंधरा मिनिटांनी परत याल, तेव्हा त्यांच्या मांड्यांच्या स्नायूंनी रक्तातली थोडी साखर इन्शुलिनच्या हाकेची वाट न पाहता आत घेतलेली असेल. उद्या रात्री पुन्हा निघा.